कोनाड्यातली सुपारी

१

"देवी गेली!"

वैष्णवीनं ही बोंब ठोकली तेव्हा मी बारवेच्या वरच्या पायरीवर झेंडूच्या माळा सोडवत बसले होते. सकाळचे सव्वासात. अकराला नागपूरहून बस येणार होती, चाळीस पाहुणे घेऊन, सोनबर्डीला येणारी पहिली सहल! आणि जिला पाहायला ते येणार, तीच जागेवर नव्हती.

मी धडाधड पायऱ्या उतरले. साठी जवळ आलीये माझी, गुडघे कुरकुरतात, पण त्या दिवशी गुडघ्यांना विचारतं कोण! कोनाड्याची लोखंडी जाळी बंद. जाळीला कुलूप. कुलूप शाबूत. आत बघते तर देवीचा पत्ता नाही.

देवी म्हणजे काही मोठी मूर्ती नव्हे. वीतभर उंच, काळ्या दगडाची, चार हातांची. दीड वर्षापूर्वी गावानं श्रमदान करून ही जुनी पायऱ्यांची बारव उपसली, तेव्हा गाळात सापडली. सापडली ती नजीरच्या हाताला. नजीर आमचा मेकॅनिक, फाट्याकडच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. उपशाचा पंप त्याचा, साखळी त्याची, कोनाड्याची जाळीसुद्धा त्यानंच वेल्डिंग करून बसवलेली. तहसीलात देवीची नोंद झाली, तिला जागेवरच ठेवायचं ठरलं, आणि मग वैष्णवीनं नागपूरच्या जुन्या वास्तू बघत हिंडणाऱ्या मंडळाला पत्रावर पत्रं धाडली. इतिहासात बी.ए. झालेली पोरगी, गावातच गाईड व्हायचं म्हणून हट्टाला पेटलेली. आजची बस तिच्या हट्टाची.

"किल्ल्या दोनच!" पुंडलिकराव वरून गरजले. वैष्णवीचे काका आणि आमच्या बारव समितीचे अध्यक्ष. शेती मोठी, आवाज त्याहून मोठा. "एक माह्या घरी खिळ्याले हाय. दुसरी नजीरजवळ. आता माह्या घरी तं चोर नाई!"

तिथं तीसएक माणसं होती. सगळ्यांनी वळून नजीरकडे पाहिलं.

नजीर भोंग्याची वायर जोडत होता. हातातली पकड तशीच राहिली. "भाऊ, मले चोर म्हणून राह्यले तुमी?"

"म्या कोणाचं नाव घेतलं का?"

"नाव कायले घ्याले पाह्यजे? सगळे मलेच पाहून राह्यले ना!"

नजीरनं खिशातली किल्ली काढली, पायरीवर ठेवली आणि अवजारांची पेटीही न उचलता निघून गेला. माझं तर डोकंच फिरलं. दीड वर्ष ज्याच्यासोबत कमरेएवढ्या चिखलात उभे राहिलो, त्या माणसाला असं घालवून द्यायचं?

"पोलिसात फोन लावतो," पुंडलिकराव म्हणाले.

"लावा, पण साडेदहाले," मी म्हणाले. "तोवर मी शोधते."

"तुमी, भामाबाई?"

"काहून, मी नाई शोधू शकत? अठरा वर्षं एसटीत कंडक्टर होती मी. पंधरा वर्षांच्या पोराले अकराचा सांगून अर्धं तिकीट मागणारे बाप रोज पाह्यले. खोटं बोलणारा माणूस मले बसमंदी पाय ठेवताच समजते. आणि ऐका, देवी सापडली नाई, तं बस येवो का न येवो, या गावात नजीर जन्मभर चोर राहीन. कोणी तोंडानं म्हणणार नाई, पण राहीन."

पुंडलिकराव जरा वरमले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं. पण घरी बायायले एक शब्द सांगू नका. चाळीस मानसायचा सैपाक चालू हाय. चोरीचं ऐकलं तं हातपाय गळतीन त्यायचे, रोडगे करपतीन."

सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्याची मला अजून लाज वाटते.

जायच्या आधी मी कोनाड्यात पुन्हा डोकावले. जिथं देवी असायची तिथं चिमूटभर तांदूळ होते, आणि तांदळावर एक सुपारी.

"उंदरानं आणली असन," मागून कोणीतरी म्हणालं.

तांदळाच्या चिमटीवर मधोमध सुपारी ठेवून जाणारा उंदीर! वा रे वा!

२

गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलेलं. आत नजीर नुसता बसून होता. दारात त्याची बायको गुलनार उभी होती. एरवी मला पाहून आधी चहा टाकणारी बाई, आज रस्ता अडवून उभी!

"बाई, तुमी बी?" ती म्हणाली. "पाच दिवस झाले, यायले घरी जेवाले सुद्धा टाइम नव्हता. म्हणे बारवेचा रस्ता नीट झाला पाह्यजे, पावण्यायचे पाय घसरतीन."

"गुलनार, मी विचाराले आली, पकडाले नाई," मी म्हणाले आणि शटरखालून वाकून आत शिरले. "नजीर, काल संध्याकाळी कुठं होता?"

"नेर गावाले. भोंगा आणाले गेलतो. आठच्या बसनं आलो." त्यानं मान वर केली. "कंडक्टरले इचारा. तुमच्याच जातवाले ना ते."

चिडलेला होता, तरी टोमणा मारायची सवय सुटली नव्हती. मला बरं वाटलं.

"किल्ली कोणाले देल्ती?"

"कोणाले नाई." तो एकदम थांबला. "बाई, एक सांगा. चोर मूर्ती घेऊन गेला. मंग कुलूप कायले लावलं त्यानं? अंधारात हात कापते चोराचा, अन् हा आरामात कुलूप लावून गेला? थे कुलूप दाबूनच लावा लागते. दोन हातानं. मीच बसवलं, मले माहीत हाय."

अगदी हाच खडा सकाळपासून माझ्या चपलेत टोचत होता. चोर घाईत असतो. ज्याला आपण चोरी करतोय असं वाटतच नाही, तोच कुलूप लावतो.

"मग कोणाले वाटन का ही देवी आपलीच हाय?" मी विचारलं.

"मले बी वाटते," तो म्हणाला. "म्या काढली तिले. पण तुमी तांड्यावर जाऊन या. गुलाबसिंग तं पयल्या दिवसापासून म्हणते, ती आमची हाय."

३

पावणेनऊ! वैष्णवीच्या स्कुटीवर मागे बसून मी तांड्यावर गेले. कपाशी वेचणीला आलेली, दोन्ही बाजूंनी शेतं पांढरीशुभ्र. एरवी थांबून बघितलं असतं.

गुलाबसिंग बंजारा तांड्याचा नाईक, म्हणजे प्रमुख. पांढऱ्या मिशा, लाल पागोटं. अंगणात दहा-बारा बाया आरशांचे घागरे घालून गाण्याचा सराव करत होत्या. बस आल्यावर बारवेसमोर नाचायचं होतं त्यांना.

मी आडवळण घेतलंच नाही. "नाईक, देवी तुमच्याकडे हाय?"

बायांचं गाणं थांबलं.

"काय?" गुलाबसिंग उठून उभा राहिला. "देवी नाई जागेवर?"

मी त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. विनातिकीट माणूस आधी दाराकडे पाहतो. गुलाबसिंगनं बारवेच्या दिशेला पाहिलं.

"ती आमची याडी हाय," तो म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "म्या सभेत सांगतलं, तिले तांड्यावर आणा. पुंडलिकराव नाई म्हणे. मंग म्या रागानं दोन मइने समितीत आलो नाई. पण आता? या पोरीनं," त्यानं वैष्णवीकडे बोट केलं, "आमच्या बायायचं नाव कागदात लेहलं. कार्यक्रमात पयलं नाव तांड्याचं! याडी बारवेत राह्यली तं लोक येतीन, आमचं गाणं ऐकतीन. म्या तिले लपवून माह्याच बायायचं तोंड बंद करू काय?"

खरं होतं. देवी गेल्यावर सगळ्यात जास्त नुकसान याचंच.

परत निघालो तर तो मागून ओरडला, "भामाबाई! नजीरनं नेली म्हणून राह्यले काय कोणी? म्हणत असन तं खोटं हाय! ती सापडली तवा थो तिले आपल्या शर्टानं पुसत होता. म्या पाह्यलं!"

म्हणजे दोन संशयित होते, दोन्ही गेले. घड्याळात साडेनऊ. एकच जागा राहिली होती, जिथं चोर नाही असं तीस माणसांदेखत सांगितलं गेलं होतं.

४

पुंडलिकरावांच्या अंगणात गोवऱ्यांचा जाळ पेटला होता. आठ-दहा बाया कणकेचे गोळे वळत होत्या आणि मधोमध लीलाबाई, पुंडलिकरावांच्या मालकीण, धुरानं डोळे लाल, पदर खोचलेला, निखाऱ्यात रोडगे फिरवत होत्या. मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. काय वास सुटला होता म्हणून सांगू!

चोरीचं बोलायचं नव्हतं. मी आपलं सहज विचारलं, "वहिनी, सगळं ठीक ना?"

"ठीक कायचं, बाई! दोनदा बस येतो म्हणून आली नाई. एका खेपेले पाऊस, दुसऱ्या खेपेले मानसंच जमले नाईत. दोनी वेळा ढीगभर रोडगे आमीच खाल्ले. वैष्णवी तं रडून रडून आजारी पडली. आता मी देव पाण्यात ठेवून बसली. बस दारात उभी राह्यली का मंगच जिवात जीव येईन."

"येईन हो, येईन," मी म्हणाले.

तेवढ्यात वैष्णवी आली. "काकू, ते मोठं तांब्याचं गंगाळ द्या ना. पाण्यात फुलं सोडून बारवेच्या तोंडाशी ठेवते."

"गंगाळ नाई भेटत," लीलाबाई ताडकन म्हणाल्या.

"अहो, रिकामंच तर असतं!"

"नाई म्हटलं ना! बादली ने. गंज ने. गंगाळाले हात लावजो नको."

वैष्णवी बघतच राहिली. मीही. लीलाबाई म्हणजे शेजारणीला अंगावरची शाल काढून देणारी बाई. पण मला घाई होती, मी माजघरात शिरले. दाराशेजारी खिळा, खिळ्याला जाळीची किल्ली. जागच्या जागी. मी ती हातात घेतली, उजेडात धरली.

किल्लीवर कुंकवाचं बोट उमटलं होतं. ताजं, लालभडक.

देवी याच किल्लीनं बाहेर निघाली होती. चोर अध्यक्षांच्या घरातच होता!

५

आता पुंडलिकरावांना कसं विचारायचं? मी अंगणाबाहेरच्या दगडावर बसले. शेजारी वैष्णवी हातवारे करत आपलं भाषण घोकत होती. देवी नसली तरी भाषण तर करावंच लागणार, बिचारी! तिचे डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

"मंडळी, प्रश्न असा की मूर्ती गाळात आली कशी? आक्रमण झालं म्हणून लपवली का? त्याचा काही पुरावा नाही. पण आपल्याकडं एक रीत आहे. मोठं काम अडलं, पाऊस रुसला, की लोक देव पाण्यात ठेवतात. काम होईपर्यंत काढायचा नाही. तसंच कोणीतरी…"

"थांब!" मी ओरडले. "काय म्हटलं?"

"काम होईपर्यंत काढायचा नाही…"

"त्याच्या आधी!"

"देव पाण्यात ठेवतात. मावशी, काय झालं?"

काय झालं! अगं बाई, माझ्या कानात मघाशी शिसं ओतलेलं होतं का? देव पाण्यात ठेवून बसलो, असं आपण सगळेच म्हणतो. पोराचा निकाल असला की म्हणतो, मॅचच्या शेवटच्या षटकाला म्हणतो. खरंच कोणी ठेवत असेल हे डोक्यातसुद्धा येत नाही. लीलाबाईंनी मला सरळसरळ सांगितलं होतं, आणि मी 'येईन हो' म्हणून पुढं गेले होते!

मी उठून धावत सुटले. अंगण, माजघर, देवघर. देवघराच्या कोपऱ्यात पाटावर तांब्याचं गंगाळ, वर पांढरं फडकं. फडकं उचललं. काठोकाठ पाण्यात, चार हात पसरून, आमची देवी!

"सापडली!" मी अशी किंचाळले की अंगणातल्या बाया पिठाच्या हातांनी आत आल्या. जेवणासाठी घातलेल्या मंडपातून पुंडलिकराव आले, त्यांच्यामागे निम्मं गाव.

"काय सापडली?" लीलाबाईंनी विचारलं. "हरपलं काय होतं?"

मी सगळ्यांसमोर बोलले, दम लागला होता तरी. "कुलूप लावून जाणारा चोर नसते, घरचं माणूस असते. देव उठवला का त्याच्या जागी तांदळावर सुपारी मांडतो आपण, जागा रिकामी ठेवत नाई. म्हणजे नेणाऱ्याले तिले परत आणायची होती. किल्लीवर कुंकू, म्हणजे पूजा करून नेली. आणि गंगाळ द्याले काहून नाई म्हटलं, थे समोरच हाय. चोरी झालीच नाई, पुंडलिकराव. तुमच्या मालकिणीनं देव पाण्यात ठेवले."

"चोरी?" लीलाबाई चक्रावल्या. "कायची चोरी? घरचे देव दोनी खेपेले ठेवले, बस काई आली नाई. मंग म्हटलं, जिले पाहाले लोक येतीन तिलेच ठेवू. काल दिवेलागणीले घेऊन आली. यायले इचारून नेली ना!"

"मंडपात… बोलली होती थे," पुंडलिकराव चाचरले. "म्हणे देवीले पाण्यात ठेवते. मी म्हटलं, ठेव बाप्पा ठेव. मले वाटलं, बोलाची गोष्ट हाय."

"पण चोर कोणाले म्हटलं तुमी?" लीलाबाईंनी विचारलं.

वैष्णवी हळूच म्हणाली, "नजीरकाकांना."

लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ओळखते मी त्या बाईला, असं पाहताना कधी दिसल्या नव्हत्या.

आणि तेवढ्यात वैष्णवीचा फोन वाजला. तिनं ऐकलं, आणि आमच्याकडे वळली.

"बस फाट्यावर बंद पडलीये. पट्टा तुटला म्हणतात. ड्रायव्हर म्हणतो, अर्ध्या तासात काही झालं नाही तर दुसरी गाडी बोलावून सगळ्यांना परत नेतो."

६

फाट्यापासून चार किलोमीटरवर एकच मेकॅनिक होता, आणि तो शटर ओढून बसला होता.

"वहिनी, देवी काढा," मी म्हणाले. "नजीरले दाखवू, गावाले दाखवू."

"नाई जमत!" लीलाबाईंनी गंगाळावर दोन्ही हात ठेवले. "बस आल्याबिगर काढली तं बस येईनच कशी?"

आता काय करावं? देवी निघणार नाही बस आल्याशिवाय. बस येणार नाही नजीरशिवाय. आणि नजीरला कोणत्या तोंडानं बोलवायचं देवीशिवाय? पुंडलिकराव नुसते उभे. मग काय झालं कोण जाणे, त्यांनी उपरणं कमरेला बांधलं, वाकले आणि गंगाळाची एक कडी धरली.

"पाण्यासकट नेऊ," ते म्हणाले. "धरा दुसरी कडी."

दुसरी कडी गुलाबसिंगनं धरली. सराव सोडून तोही येऊन पोचला होता. आणि निघाली की हो वरात! पुढं गंगाळ, पाणी हिंदकळतंय, लीलाबाई शेजारून तांब्यानं भर घालतायत, मागं पिठाच्या हातांच्या बाया, आरशांचे घागरे, पोरंटोरं, कुत्री! मी वीस वेळा ओरडले, "सांभाळा, सांभाळा!"

गुलनारनं आम्हाला येताना पाहिलं आणि शटर पूर्ण वर ढकललं. नजीर बाहेर आला. गंगाळ त्याच्या पायाशी टेकलं. त्यानं पाण्यात वाकून पाहिलं, बराच वेळ.

"नजीर," पुंडलिकराव म्हणाले. धापा टाकत होते. "चोर कोणीच नोता. मूर्ख मात्र एक होता. मले माफ कर."

नजीर ताठ झाला. "चोर कुठं म्हटलं तुमी मले?"

"बारवेवर."

"मंग माफी गॅरेजवर काहून?"

लीलाबाई पुढं झाल्या, डोळ्यांत पाणी. "नजीरभाऊ, बस फाट्यावर बंद पडली. पट्टा तुटला म्हणते. आमचा राग पावण्यायवर नका काढू."

"वहिनी, त्यायच्यावर कायले राग?" नजीरनं भिंतीवरचे दोन-तीन पट्टे उतरवले, मापानं पाहत एक खांद्यावर टाकला आणि मोटरसायकलला किक मारली. मग पुंडलिकरावांकडे न बघता म्हणाला, "आपलं दोघायचं बारवेवर पाहू."

आम्ही गंगाळ घेऊन बारवेवर गेलो आणि रस्त्याकडे डोळे लावून बसलो. अकरा वाजले. सव्वाअकरा. वैष्णवीनं नखं खाऊन संपवली. साडेअकराला धुळीचा लोट दिसला, मग हॉर्न ऐकू आला, आणि मग बस! काय तो आरडाओरडा! दारात मेकॅनिक नजीर लटकलेला, हात काळे, तोंड काळं. गुलाबसिंगच्या बायांनी गाणं सुरू केलं. लीलाबाईंनी बस पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली, मगच देवी पाण्यातून काढली, पदरानं पुसली आणि स्वतः पायऱ्या उतरून कोनाड्यात नेऊन ठेवली.

वैष्णवीनं माईक हातात घेतला. चाळीस पाहुणे पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसले. ती तोंड उघडणार, तेवढ्यात पुंडलिकरावांनी माईक मागितला.

"पावणे मंडळी, ही देवी गाळातून या मानसानं काढली. नजीर शेख. अन् आज सकाळी याच पायरीवर उभं राहून, गावासमोर, म्या त्याले चोर ठरवलं. त्यानं कायबी चोरलं नोतं. तरी तुमची गाडी त्यानंच आणली. म्या चुकलो. हे तुमच्यासमोर सांगणं जरूर होतं."

नजीर खाली पाहत होता. मग पाहुण्यांपैकी एका बाईनं विचारलं, "कशी सापडली हो ही तुम्हाला?" आणि नजीर सांगू लागला. आधी अडखळत, मग हात हलवून, चिखल किती खोल होता ते कमरेला हात लावून दाखवत. पायाला आधी दगड लागला असं वाटलं, मग बोटांना चार हात लागले! चाळीसच्या चाळीस माणसं ऐकत होती. वैष्णवीचं भाषण राहिलं बाजूला, ती पोरगीसुद्धा गालाला हात लावून ऐकत बसली. वरून लीलाबाई दोनदा जेवायला बोलावून गेल्या, कोणी उठेना.

"छान सांगता तुम्ही," ती पाहुणी म्हणाली. "पण तुम्ही इथले कोण?"

नजीर गोंधळला. त्यानं वर पुंडलिकरावांकडे पाहिलं.

"अध्यक्ष हायेत थे," पुंडलिकराव म्हणाले. "आमच्या बारव समितीचे."

गुलाबसिंगनं सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. सकाळपर्यंत अध्यक्ष पुंडलिकराव स्वतः होते.